एकाच एसएसडीवर कॅश आणि लॉग: घरच्या सर्व्हरसाठी

इंदुरात मे महिन्यात वळवाचं वादळ सुटलं की आधी लाइट जाते, पाऊस मागून येतो. रामबागेतल्या आमच्या घरी कपाटात चार हार्ड डिस्कचा झेडएफएस सर्व्हर आहे. झेडएफएस म्हणजे अनेक डिस्क मिळून एकच साठा, म्हणजे ‘पूल’, सांभाळणारी फाइल सिस्टम. घरातले जुने फोटो, आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेटवरून उतरवलेलं ध्वनिमुद्रण, माझ्या कामाची दोन व्हर्च्युअल मशिनं, सगळं त्यावरच. मदरबोर्डवर एनव्हीएमईचा, म्हणजे वेगवान एसएसडी बसवायचा, स्लॉट मात्र एकच, म्हणून कॅश (पुन्हा पुन्हा वाचल्या जाणाऱ्या डेटाची जवळ ठेवलेली प्रत) आणि लॉग (हार्ड डिस्कवर उतरण्याआधी लिखाणाची पक्की नोंद) एकाच एसएसडीवर बसवले.

आधी गरज आहे का ते बघा. चाचणीपुरता वेगळा डेटासेट (पूलमधला स्वतंत्र विभाग) करून त्याचं सिंक, म्हणजे लिखाण पक्कं होईपर्यंत थांबण्याचं सेटिंग, ‘डिसेबल्ड’ ठेवा आणि नेहमीचं काम त्यावर चालवा. वेग तेवढाच राहिला तर वेगळ्या लॉगचा काडीचा उपयोग नाही. विंडोजमधून फाइली कॉपी करताना बहुधा असंच होतं. एनएफएसवरची (नेटवर्कवरून फाइली वापरण्याची पद्धत) व्हर्च्युअल मशिनं आणि डेटाबेस मात्र ‘लिहून झालं’ ही हमी मिळेपर्यंत थांबतात, तिथे फरक कळतो. चाचणी झाली की तो डेटासेट पुसून टाका. खऱ्या डेटावर हे सेटिंग ठेवू नका.

कॅशचं म्हणाल तर पहिली कॅश रॅममध्येच असते. एसएसडीवरच्या प्रत्येक ब्लॉकची नोंदही रॅममध्ये राहते. 200 जीबी कॅश 128 केबीच्या ब्लॉकांनी भरली तर नोंदींना साधारण दीडशे एमबी लागतात, 8 केबीच्या ब्लॉकांनी भरली तर दोन जीबीच्या वर. घरात 8 जीबी रॅम असेल तर आधी रॅम वाढवा.

एसएसडी निवडताना मात्र घाई नको. लॉगवर सतत लिहिलं जातं, पण तो वाचला जातो लाइट गेल्यावर किंवा मशिन कोसळल्यावरच. म्हणून ‘पॉवर लॉस प्रोटेक्शन’ (वीज गेल्यावर लिखाण वाचवण्याची सोय) असलेलीच घ्या. अशा एसएसडीच्या पट्टीवर एका कडेला छोट्या चौकोनी कपॅसिटरची रांग दिसते. वीज तुटल्यावर हातातलं लिखाण फ्लॅशवर उतरवण्यापुरता चार्ज त्यांच्यात असतो. ते नसतील तर प्रत्येक वेळी फ्लॅशवर उतरेपर्यंत थांबावं लागतं आणि वेग मार खातो. कपॅसिटर असल्याची खात्री डेटाशीटवरून करा, दुकानदाराच्या शब्दावरून नको.

आता पार्टिशन, म्हणजे एसएसडीचे भाग. माझी एसएसडी 480 जीबीची. लॉगला 16 जीबी, कॅशला 200, बाकी जागा मोकळी सोडली म्हणजे एसएसडीची झीज कमी होते. लॉगला 16 सुद्धा भरपूर आहेत: गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला जास्तीत जास्त 125 एमबी येतात आणि झेडएफएस साधारण दर 5 सेकंदांनी साठलेलं हार्ड डिस्कवर उतरवतं.

मग ‘झेडपूल ॲड’ ही कमांड, पुढे पूलचं नाव, पुढे ‘लॉग’ हा शब्द, शेवटी पहिल्या पार्टिशनचा पत्ता. दुसऱ्यासाठी ‘लॉग’च्या जागी ‘कॅश’. पत्ता ‘बाय-आयडी’ फोल्डरमधला द्या, कारण साधी नावं रीस्टार्टनंतर बदलू शकतात. ‘लॉग’ शब्द राहून गेला आणि सूचनेकडे दुर्लक्ष करून जबरदस्तीने पुढे गेलात, तर ते पार्टिशन डेटा साठवणाऱ्या पूलचाच भाग होतं आणि रेड-झेड (एखादी डिस्क बिघडली तरी डेटा टिकवणारी मांडणी) पूलमधून परत काढता येत नाही. म्हणून आधी ‘एन’ पर्याय देऊन रंगीत तालीम करा, त्यात प्रत्यक्ष बदल होत नाही.

आठवडाभर ‘झेडपूल आयओस्टॅट’ या वाचन-लेखनाचे आकडे दाखवणाऱ्या कमांडवर लक्ष ठेवा. कॅश भरत असताना लॉगला उशीर होऊ लागला तर भांडण तिथेच आहे. ‘झेडपूल रिमूव्ह’ने कॅश काढा, डेटाला धक्का लागत नाही. एसएसडी एकटीच बिघडली तरी पूल चालू राहतो. ती आणि लाइट एकाच वेळी गेली तर शेवटच्या काही सेकंदांचं लिखाण जातं. यूपीएस त्यासाठीच हवा.

शेवटी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेऊन, व्हर्च्युअल मशिनवर एक फाइल लिहिली जात असताना मी सर्व्हरची पिन सरळ उपसली. परत चालू केल्यावर पूल उभा राहिला, ‘लिहून झालं’ म्हणून आलेली शेवटची ओळ फाइलमध्ये होती. त्यानंतरच आजोबांचं कीर्तन त्यावर चढवलं.