कॅम्पर ओढताना पिकअपचं ॲव्हरेज कसं वाचवावं

एरवी एका टाकीत आठवडाभर फिरणारी पिकअप मागे कॅम्पर, म्हणजे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, जोडला की दुपारपर्यंत पंप शोधायला लागते. कॅम्पर उंच आणि पेटीसारखा असेल तर ॲव्हरेज निम्म्यावर येणं हे नेहमीचंच, त्यावरून गाडी बिघडली असं समजू नका. पहिल्यांदा हे पाहणारा माणूस मात्र भलत्याच गोष्टीच्या मागे लागतो. सामान उतरवतो, एअर फिल्टर बदलतो, टाकीत नाही नाही ती औषधं ओततो. मीही ओतली आहेत. बाटल्या रिकाम्या झाल्या, बाकी काही झालं नाही.

आपण समजतो की वजन तेल पितं. खरं तेल पितो वारा. एकदा कागदावर आकडे मांडले की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप कळतात, म्हणून आधी तेवढं करू.

समजा, कॅम्परच्या टाकीत 150 लिटर पाणी आहे, म्हणजे 150 किलो. सपाट रस्त्यावर हे जादा वजन 100 किलोमीटर न्यायला टायरच्या घर्षणापोटी साधारण दीड मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये 32 मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, पण त्यातली जेमतेम दहा चाकांपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे पाण्याचा भुर्दंड 100 किलोमीटरला 150 मिलीलिटर, एक कपभर. वाटेत 1000 मीटरचा चढ लागला तर आणखी एक कप.

आता तीच गाडी ताशी 90 ऐवजी 110 ने पळवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तो जवळजवळ दीडपट होतो. उंच कॅम्पर जोडलेल्या पिकअपला 90 ला हवा अंदाजे 1500 न्यूटनने मागे रेटते, तर 110 ला 2200 न्यूटनने. हा फरक 100 किलोमीटर ओढत न्यायचा तर वर सात लिटर पेट्रोल जातं. एकीकडे कपभर, दुसरीकडे सात लिटर. हे ठोकताळ्याचे आकडे आहेत, तुमचा कॅम्पर ठेंगणा असेल तर पाच येतील. पण पाणी सांडून टाकायचं की पाय हलका करायचा, हा प्रश्न काही उरत नाही.

पायरी 1: आधी नीट मोजा

डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडा बऱ्याचदा लाडात वाढलेल्या पोरासारखा असतो, स्वतःबद्दल जरा जास्तच चांगलं सांगतो. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा बंद पडला की थांबा. आणखी दोन लिटर कोंबू नका. ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढच्या वेळी भरताना तसंच पहिल्या कटला थांबा आणि किलोमीटर भागिले लिटर करा. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका, निदान तीन टाक्या होऊ द्या. वहीत आकड्याशेजारी दोन शब्द लिहा: वारा समोरून होता का, रस्ता चढाचा होता का, वेग साधारण किती ठेवला. या दोन शब्दांविना नुसता आकडा महिन्याभराने काहीच सांगत नाही. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील तर मीटर अंतर कमी दाखवतो, त्यामुळे जीपीएसशी एकदा ताडून पाहा.

कॅम्परशिवायचा आकडाही लिहून ठेवा. तो का, ते शेवटी सांगतो.

पायरी 2: निघण्याआधी चाकांपाशी बसा

टायरमधली हवा गाडी उभी असताना, टायर थंड असतानाच मोजायची. पिकअपसाठी दाराच्या चौकटीवरचा तक्ता पाहा, जड ओझ्यासाठी तिथे किंवा पुस्तिकेत मागच्या टायरला वेगळा आकडा असू शकतो. कॅम्परसाठी त्याच्या स्वतःच्या तक्त्यावरचा आकडा. हवा कमी असेल तर टायर जास्त पिळवटतो, तापतो, तेल खातो आणि शेवटी फुटतो. तेल वाचतं म्हणून सांगितलेल्यापेक्षा जास्त हवा भरायचा मोह मात्र टाळा. टायरच्या भिंतीवर कमाल मर्यादा लिहिलेली असते, ती मर्यादाच आहे.

यापेक्षा जास्त दुर्लक्ष होतं ते कॅम्परच्या ब्रेककडे. एका वर्कशॉपने माझ्या कॅम्परचे ब्रेक ‘घट्ट करून’ दिले होते. पन्नासेक किलोमीटरवर थांबलो आणि सवयीने प्रत्येक चाकाच्या हबपाशी, म्हणजे मधल्या भागापाशी, तळहाताची मागची बाजू नेली. तीन हब कोमट. चौथ्यापाशी हात नेववेना, भाजलेल्या रंगासारखा वास येत होता. ते चाक अर्धवट ब्रेक लावलेल्या अवस्थेत सगळा वेळ घासत आलं होतं आणि पिकअप निमूटपणे ते ओढत होती. इंजिन इतकं दमदार की स्टिअरिंगवर बसून काही जाणवत नाही.

तेव्हापासून निघण्याआधी प्रत्येक चाक जॅकवर उचलतो आणि हाताने फिरवून पाहतो. किंचित घासल्याचा आवाज चालतो, पण एक झटका दिल्यावर चाक दोन-तीन फेरे मोकळं फिरलंच पाहिजे. अर्ध्या फेऱ्यात थांबलं तर ब्रेक सैल करून घ्या. फिरताना खरखर ऐकू आली किंवा चाक वरखाली धरून हलवल्यावर खुळखुळलं तर बेअरिंग पाहायला हवं. पहिला थांबा लवकर घ्यायचा आणि हबना हात लावून पाहायचा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तमच, आकडा तिन्ही हबशी ताडून बघता येतो. एकच हब वेगळा तापला तर तिथे गडबड आहे.

टायरच्या एकाच कडेची झीज करवतीच्या दातांसारखी झाली असेल तर कॅम्परचा ॲक्सल सरळ नाही. असा कॅम्पर रस्त्यावर तिरका घासत चालतो, तेलही खातो आणि टायरही.

पायरी 3: सामान कुठे ठेवायचं

वजनाने फार फरक पडत नाही म्हटलं, पण वजन कुठे आहे याने पडतो. गाडीच्या मागच्या गोळ्यावर (बॉलवर) जोडायच्या साध्या हिचवर, म्हणजे जोडणीवर, कॅम्परच्या भरलेल्या वजनाच्या 10 ते 15 टक्के भार यावा, असा सर्रास पाळला जाणारा नियम आहे. म्हणजे 2500 किलोच्या कॅम्परला 250 ते 375 किलो. पिकअपच्या पाटात, म्हणजे मागच्या हौद्यात, बसणाऱ्या फिफ्थ व्हील हिचला ते प्रमाण जास्त, 15 ते 25 टक्के. अर्थात तुमच्या गाडीच्या आणि हिचच्या पुस्तिकेतली मर्यादा या सगळ्याच्या वर.

भार कमी पडला तर कॅम्पर शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे झुलायला लागतो. तिथे प्रश्न तेलाचा राहत नाही, जिवाचा होतो. म्हणून सायकली, जनरेटर, दगडासारख्या पेट्या कॅम्परच्या मागच्या टोकाला टांगू नका, त्या पिकअपच्या पाटात ठेवा. भार जास्त झाला तर पिकअपचं बूड बसतं आणि नाक वर उठतं. मग पुढची चाकं हलकी पडतात आणि कॅम्परचं तोंडही खाली जातं. वजन वाटून देणाऱ्या हिचने हे बरंच सावरतं. जोडून झाल्यावर वीस पावलं बाजूला जाऊन पाहा: गाडी आणि कॅम्पर दोन्ही जमिनीला समांतर दिसले पाहिजेत.

पायरी 4: वेग ठरवा आणि त्याला चिकटून राहा

सगळ्यात मोठी बचत इथे आहे आणि तिला दमडीही लागत नाही. 300 किलोमीटरच्या प्रवासाला 110 ने पावणेतीन तास लागतात, 90 ने तीन तास वीस मिनिटं. फरक पस्तीस-छत्तीस मिनिटांचा. वरच्या हिशेबाने त्यासाठी एकवीस लिटर जास्त जाळायचं. हा सौदा मला तरी कधी पटलेला नाही. शिवाय बऱ्याच ट्रेलर-टायरची वेगमर्यादाच ताशी 105 किलोमीटरच्या आसपास असते. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला ताशी 55 मैल, म्हणजे 88 किलोमीटरची मर्यादा आहे. तो नियम सुरक्षेचा, पण तेलालाही तोच वेग मानवतो.

वाऱ्याचं गणितही याच पायरीत येतं. हवेला तुमचा स्पीडोमीटर दिसत नाही. समोरून ताशी 20 चा वारा असेल आणि तुम्ही 90 ने चालला असाल तर कॅम्परच्या तोंडावर 110 चीच हवा आदळते. कडेने तिरका येणारा वारासुद्धा विरोध वाढवतो, आणि वर झुलवतो. रस्त्याकडेचं गवत किंवा झेंडे पाहा. समोरचा वारा दिसला तर 80 वर या. जमत असेल तर पहाटे निघा, बहुतेक ठिकाणी दुपारपेक्षा सकाळी वारा कमी असतो.

मोठ्या ट्रकच्या मागे चिकटून हवा वाचवायची युक्ती काही जण छातीठोकपणे सांगतात. ती चालण्याइतकं जवळ जायचं तर ब्रेक लावायला जागा उरत नाही, आणि तुमच्या मागे दोन-अडीच टन आहेत. ती युक्ती सोडून द्या.

पायरी 5: गिअर, चढ आणि उतार

पिकअपमध्ये टो किंवा हॉल नावाचा मोड असेल तर तो चालू करा. त्याने इंजिन जास्त फिरतं, मग तेल कसं वाचेल, असं वाटतं खरं. पण तो नसला की गाडी टॉप गिअरमध्ये जाते, जरा चढ आला की दम तोडते, एक गिअर खाली येते, पुन्हा वर जाते, आणि दिवसभर हाच खेळ चालतो. दर अदलाबदलीत गिअरबॉक्सचं तेल तापतं आणि ऊर्जा वाया जाते. टर्बो पेट्रोल इंजिन कमी फेऱ्यांवर जोर लावायला भाग पाडलं तर ते बचावासाठी मिश्रणात जादा पेट्रोल सोडतं. त्यापेक्षा एक गिअर खाली, निवांत फिरणारं इंजिन परवडतं.

क्रूझ कंट्रोल सपाटीवर उत्तम. चढउताराच्या रस्त्यावर मात्र तो हट्टी असतो, चढावर ठरलेला वेग धरून ठेवायला जीव तोडून रेस करतो. तिथे पाय स्वतःचा वापरा. चढावर वेग दहाने पडू द्या आणि माथा दिसू लागला की पाय आणखी सैल करा, उतार तो वेग फुकटात परत देतो. लांब चढावर अचानक रेडिएटरच्या पंख्याची घरघर सुरू झाली तर समजा की इंजिनची ताकद पंखा फिरवण्यातही चालली आहे. एक गिअर खाली घेऊन वेग कमी करा, घरघर बऱ्याचदा थांबते.

उतारावर न्यूट्रल टाकणं ही जुन्या कार्ब्युरेटरच्या काळातली सवय. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअर असताना पाय काढला की इंधन पूर्ण बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, आणि मागे कॅम्पर असताना तापलेले ब्रेक लागेनासे होतात.

पायरी 6: हवेला वाट करून द्या

अमेरिकेत एडवर्ड्स इथल्या नासाच्या केंद्रात 1970 च्या दशकात खोक्यासारख्या व्हॅनच्या पुढच्या काटकोनी कडा गोलसर करून पाहिल्या, तर हवेचा विरोध जवळपास निम्म्यावर आला. कॅम्पर अजून घ्यायचा असेल तर हे ध्यानात ठेवा: लांबी वाढली तर फार बिघडत नाही, उंची, रुंदी आणि तोंडाचा आकार महागात पडतो. छत खाली बसवता येणारा कॅम्पर तेलाच्या बाबतीत सगळ्यात समजूतदार.

आहे त्याच कॅम्परवर करता येण्याजोगं थोडंच आहे. छतावरचं सामान खाली घ्या, छताच्या झडपा आणि खिडक्या बंद करा, बाजूच्या कापडी छपराचा दांडा घट्ट बांधा. पिकअपच्या टपावर बसवायच्या, हवा वर वळवणाऱ्या फळ्यांचा अनुभव संमिश्र आहे. उंची आणि कोन जुळला तर उपयोग, नाही तर नुसता आवाज. पाटाचं मागचं फळकट उघडं ठेवल्याने तेल वाचतं हा समज तर मोकळ्या पिकअपलाही लागू पडत नाही.

इंधनाबद्दल थोडंसं. काही टर्बो पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत जड ओझ्यासाठी जास्त ऑक्टेनचं पेट्रोल सुचवलेलं असतं. तसं असेल तर ओढण्याच्या दिवसांपुरतं ते भरा, नसेल तर पैसे वाया. 10 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ऊर्जा सुमारे 3 टक्के कमी असते, त्यामुळे दोन टाक्यांची तुलना करताना दोन्हीत एकच पेट्रोल असू द्या.

पायरी 7: कॅम्पर सोडल्यावरची टाकी

परत आल्यावर कॅम्पर सोडा, टाकी फुल करा आणि पुढची एक टाकी नेहमीसारखी चालवून पुन्हा मोजा. लांब करायचे आरसे आत ढकला, मागच्या टायरमध्ये ओझ्यासाठी जास्त भरलेली हवा नेहमीच्या आकड्यावर आणा. आकडा सहलीआधी वहीत लिहिला होता तिथे परत आला तर गाडी ठणठणीत आहे. आला नाही तर सहलीत काहीतरी झालं आहे, आणि शोध पिकअपच्या चाकांपासून सुरू करा. ती फिरवून पाहायला मागे कॅम्पर असावा लागत नाही.