बोन्सायची ताटली : या चुका टाळा

सांगलीत माझ्या गच्चीवर येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ही ताटली कुठं मिळते?" झाडाचं वय क्वचितच कुणी विचारतं. नर्सरीतून आणलेलं पेन्सिलीएवढ्या खोडाचं रोप यांना लगेच उथळ ताटलीत बसवायचं असतं. तिथं गेलं की खोड भरणं जवळजवळ थांबतं, कारण मुळांना पसरायला जागाच उरत नाही. वड असो की त्याच्याच कुळातला नांदरुक, पहिली काही वर्षं जमिनीत नाहीतर मोठ्या कुंडीत जाऊ द्या. मी घमेल्याला भोकं पाडून त्यात वाढवतो. दिसायला ओबडधोबड, पण खोड मनगटाएवढं होतं. तेवढा धीर नसेल तर जाड, रसाळ पानांचं जेड लावा, वडाचे हाल करू नका.

दुसरी चूक मी स्वतः केली. चौदा वर्षं वाढवलेला नांदरुक एका एप्रिलात प्रदर्शनासाठी चकचकीत निळ्या ताटलीत हलवला. लोक थांबायचे ते निळ्या रंगापाशी. पारंब्यांवर नजर ठरतच नव्हती. शिवाय ताटलीला मधोमध एकच भोक, म्हणजे तार ओवून मुळं बांधायची सोय नाही. घरी आणून कठड्यावर ठेवला आणि मे महिन्यात वळीव आला. मुळांनी अजून धरलं नव्हतं. झाड गड्ड्यासकट खाली अंगणात, मुख्य फांदी खोडापासून फाटलेली. ती जखम आजही दिसते. आता बांधायला भोकं नसतील तर ड्रिलनं, पाणी सोडत, सावकाश पाडून घेतो. त्याशिवाय झाड हलवत नाही.

वड-पिंपळाला बिनचकाकीची मातकट ताटली शोभते. जपानात टोकोनामे शहरात बनणाऱ्या अशा तपकिरी ताटल्यांना मान आहे. चकाकी फुलाफळांच्या झाडांना द्या. बोगनवेल किंवा डाळिंब ती पेलतं.

माप : लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश, खोली बुंध्याच्या जाडीएवढी. ४५ सेंटिमीटरच्या झाडाला ३० सेंटिमीटरची ताटली. खोली मात्र मी दोन सेंटिमीटर जास्तच घेतो, आपल्याकडचं ऊन उथळ माती दुपारपर्यंत कोरडी करतं.

लांबट ताटलीत झाड मधोमध लावू नका, थोडं बाजूला घ्या.

कृष्णाकाठची काळी माती नकोच. पावसात चिखल, उन्हात भेगा. दुसरी माती घ्या आणि तिच्यात चाळलेला विटांचा चुरा मिसळा.

आणि ताटलीला पाय हवेत. सपाट बूड फरशीला टेकलं की भोकं बंद होतात.