खडतर काळाच्या आठवणी लिहिताना

खडतर काळावर लिहिलेली अनेक हस्तलिखिते पहिल्याच पानावर आपला निष्कर्ष सांगून मोकळी होतात. विषय दीर्घ आजाराचा असो, घरातल्या मृत्यूचा, व्यसनाचा, कर्जबाजारीपणाचा किंवा मोडलेल्या लग्नाचा, 'त्या दिवसांनी मला घडवले' अशा आशयाचे वाक्य सुरुवातीलाच येते आणि पुढची सगळी पाने त्या वाक्याच्या बाजूने साक्षी-पुरावे गोळा करण्यात खर्ची पडतात. वाचकाचे कुतूहल तिथेच मावळते, कारण सोसणारा माणूस अखेर सावरला हे त्याला पुस्तक हातात घेतानाच ठाऊक असते. त्याला रस असतो तो त्या माणसाला तेव्हा काय कळत नव्हते यात. म्हणून पुढच्या सगळ्या सूचना एकाच आग्रहाभोवती फिरतात: घटना आधी लिहाव्यात, अर्थ त्यांतून वर येऊ द्यावा, आणि जे नंतर उमगले त्याला नंतरचीच जागा द्यावी.

सुरुवात करताना संपूर्ण आयुष्य लिहिण्याचा मोह टाळावा. जन्म, बालपण, शिक्षण अशा क्रमाने निघालेला लेखक मूळ विषयाशी पोहोचेपर्यंत थकतो, आणि वाचक त्याच्याही आधी थकतो. एक कालखंड निवडावा आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या तारखा कागदावर लिहून ठेवाव्यात. त्यानंतर स्वतःला एक प्रश्न विचारावा: त्या काळात मी रोज कोणत्या गोष्टीचे उत्तर शोधत होतो? 'हा वाचेल का', 'हे पैसे कुठून आणायचे', 'यात माझी चूक किती' असा साधा आणि त्या वेळचाच प्रश्न असावा. 'जीवनाचा अर्थ काय' हा प्रश्न सहसा त्या वेळी कोणालाच पडलेला नसतो, तो मागाहून चिकटवला जातो. आजारावर लिहिताना लहानपणीची एखादी आठवण या प्रश्नाशी जोडलेली असेल तर ती येऊ द्यावी, नसेल तर ती कितीही गोड असली तरी बाजूला ठेवावी.

केव्हा लिहावे

संकट चालू असताना आठवणींचे पुस्तक लिहू नये, असे माझे ठाम मत आहे. त्या दिवसांत फक्त नोंदी कराव्यात: तारीख, जागा, कोण काय म्हणाले ते शक्यतो त्याच्याच शब्दांत. लक्ष्मीबाई टिळकांच्या संसारात वादळ आले ते पतीच्या १८९५ सालच्या धर्मांतराने, आणि 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग प्रसिद्ध झाला १९३४ मध्ये. मधल्या चार दशकांनी दुःख पुसले नाही, पण स्वतःच्या फजितीकडे हसून पाहण्याइतके अंतर दिले, आणि त्या पुस्तकातला विनोद त्या अंतरातून आला आहे. प्रत्येकाला एवढी वर्षे लागतील असे नाही. एखादा प्रसंग मोठ्याने वाचताना आवाज स्थिर राहतो आणि त्यात दुसऱ्या माणसाचीही बाजू दिसू लागते, एवढी खूण पुरेशी मानावी.

कच्चे लेखन मात्र लवकर सुरू करायला हरकत नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटे आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवाविषयी लिहायला सांगितले होते. लिहून होताच त्यांची मनःस्थिती अधिक खिन्न झालेली आढळली. पण ज्यांनी घटना आणि त्यामागच्या भावना दोन्ही लिहिल्या होत्या, त्यांचे पुढच्या काही महिन्यांत आजारपणासाठी आरोग्य केंद्रात जाणे इतरांपेक्षा कमी झाले. तेव्हा लिहून उठल्यावर मन जड झाले तर लेखन फसले असे समजू नये. ते जडपण दिवसेंदिवस उतरेनासे झाले, झोप किंवा रोजचे कामकाज बिघडू लागले, तर मात्र वही मिटून डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलावे. लेखन उपचाराला सोबत करू शकते, त्याची जागा घेऊ शकत नाही.

अशा लेखनाचा १९९७ साली प्रसिद्ध झालेला एक भाषिक अभ्यास आपल्या मुद्द्याला अधिक जवळचा आहे. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ज्यांच्या लेखनात कारणे दाखवणारे आणि काही उमगल्याचे सांगणारे शब्द वाढत गेले, त्यांना लेखनाचा फायदा अधिक झाला. म्हणजे लिहिता लिहिता उलगडा होत जाणे हेच कामाचे होते. आधी ठरवलेला बोध पानावर उतरवणारा लेखक नेमका या उलगड्यालाच मुकतो.

आठवणीवर कितपत विसंबावे

ठळक आठवण म्हणजे खरी आठवण, असा आपला समज असतो. १९८६ च्या जानेवारीत चॅलेंजर अवकाशयान कोसळले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून ती बातमी कुठे, कशी, कोणाकडून कळली हे लिहून घेतले, आणि सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. जवळपास एक चतुर्थांश जणांची नवी हकिगत जुनीशी अजिबात जुळत नव्हती. त्यांना स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद दाखवल्यावरही मूळ आठवण परत आली नाही, आणि नव्या आठवणीवरचा त्यांचा विश्वास मात्र दांडगा होता.

त्यामुळे लिहिण्याआधी कागद जमवावेत. औषधांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे अहवाल, बँकेचे पासबुक, प्रवासाची तिकिटे, फोनमधले जुने संदेश, छायाचित्रांमागच्या तारखा यांतून घटनांचा एक कालानुक्रम तयार करावा. या कामात मन दुखावणारे शोध लागतात. 'वर्षभर कोणी फिरकले नाही' असे ज्याच्या मनात घट्ट बसले आहे, त्याला संदेशांत कोणाचे तरी महिन्यातून दोनदा आलेले 'येऊ का?' सापडते आणि स्वतःचे 'आज नको' हे उत्तरही. अशी विसंगती खोडून टाकू नये. आपल्याला एकटेपणा वाटला हे खरे आहे आणि दार आपणच लावून घेतले होते हेही खरे आहे. प्रकरण लिहायचे ते या दोन सत्यांच्या मधल्या जागेवर. जिथे कागद नाही आणि दुसऱ्या कोणाची साक्षही नाही, तिथे 'मला आठवते ते असे' एवढे म्हणून पुढे जावे. संवाद शब्दशः आठवत नसेल तर तो पानभर रचू नये, लक्षात राहिलेले एक वाक्य तेवढे द्यावे.

प्रसंग कसा उभा करावा

एक उदाहरण घेऊ. भावाच्या मूत्रपिंडाच्या आजारात त्याच्याबरोबर रुग्णालयात जाणाऱ्या बहिणीने समजा असे लिहिले: 'डायलिसिसचे ते दिवस अत्यंत कठीण होते, पण त्यांनीच मला संयम शिकवला.' या वाक्यात खोटे काही नाही, पण ते कोणीही, कोणत्याही आजाराबद्दल लिहू शकेल. डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करून शरीरातले जादा पाणी काढणे, साधारणपणे आठवड्यातून तीनदा आणि एका वेळी सुमारे चार तास चालते. आता या बहिणीने त्या चार तासांकडे पाहावे. यंत्राच्या पडद्यावर उरलेली मिनिटे दिसतात. ती पाहायची नाहीत असे ठरवूनही नजर तिकडे जाते. भावाला थंडी वाजते म्हणून ती पांघरूण ओढते, पण नळ्या जोडलेला हात नर्सला दिसत राहिला पाहिजे, म्हणून पांघरूण कोपरापर्यंतच येते. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ तिला दर वेळी विचारतात, 'आज किती काढणार पाणी?' आणि ती परीक्षेचे गुण सांगावेत तसा लिटरांतला आकडा सांगते. एके दिवशी ती खाट रिकामी असते. ती कोणालाच काही विचारत नाही, आणि घरी जाताना भाऊही विचारत नाही.

इथे संयम हा शब्द कुठेही आलेला नाही. जे न विचारणे दोघांनी न बोलता वाटून घेतले, ते संयमाहून गुंतागुंतीचे आहे: त्यात भीती आहे, एकमेकांना सांभाळणे आहे आणि थोडा पळपुटेपणाही आहे. 'संयम शिकवला' या तयार शब्दांनी हे सगळे झाकले गेले असते. म्हणून मसुद्यातले सगळे मोठे शब्द, म्हणजे जिद्द, संघर्ष, वेदना, आधार, कृतज्ञता, खुणा करून बाजूला काढावेत आणि प्रत्येकापुढे विचारावे की हे कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, कोणाच्या कोणत्या कृतीत दिसले. उत्तर मिळाले तर प्रसंग लिहावा. मिळाले नाही तर तो शब्द आपल्या अनुभवातला नसून ऐकीव आहे.

सगळेच प्रसंग इतक्या तपशिलात लिहायचे नसतात. महिने एका वाक्यात ओलांडावेत आणि दहा मिनिटांना चार पाने द्यावीत. कुठे थांबायचे हे कळत नसेल, तर ज्या प्रसंगाची आठवण टाळावीशी वाटते तिथे थांबावे.

तेव्हाचा 'मी' आणि आताचा 'मी'

अशा लेखनात दोन माणसे बोलत असतात: एक सोसणारा आणि एक वर्षांनंतर ते मांडणारा. दया पवारांनी 'बलुतं'मध्ये (१९७८) ही फाळणी उघडच केली. तिथे दगडू मारुती पवार, म्हणजे मूळ नावाने वावरणारा लेखकच, आपली कहाणी दया पवारांना सांगतो. प्रत्येकाने तसा साचा वापरावा असे नाही, पण कोणते वाक्य कोणाचे आहे हे लेखकाला पक्के माहीत असले पाहिजे. तेव्हाच्या माणसाला निदान ठाऊक नव्हते, तर त्या प्रकरणात ते वाचकालाही ठाऊक नसावे. त्याने ज्याच्यावर भरवसा ठेवला तो माणूस पुढे फसवणार असला, तरी त्या पानावर भरवसाच दिसावा. आताच्या माणसाने अधूनमधून बोलावे, पण थोडक्यात, आणि तेव्हाच्या माणसाची कीव न करता.

अर्थाचा प्रश्न याच ठिकाणी सुटतो किंवा बिघडतो. मानसशास्त्रज्ञ डॅन मॅक्अॅडम्स यांनी लोकांच्या जीवनकथांत दोन वळणे वारंवार नोंदवली आहेत: वाइटातून चांगले निष्पन्न झाल्याची कथा, आणि चांगल्यावर पुढच्या वाइटाने विरजण पडल्याची कथा. पहिले वळण लोकप्रिय आहे आणि पुष्कळदा खरेही असते. पण काही नुकसानांतून काहीही चांगले निष्पन्न होत नाही, आणि तसे लिहिण्याची मुभा लेखकाने स्वतःला दिली पाहिजे. मूल गमावलेल्या आईला त्यातून काय मिळाले, असे विचारणेच क्रूर आहे. तिने त्यानंतर काय केले हे मात्र विचारता येते. अर्थ घटनेत शोधण्याऐवजी घटनेनंतरच्या कृतीत शोधला तर खोटेपणा बराच टळतो.

मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल यांचे नाझी छळछावणीतल्या अनुभवांवरचे पुस्तक १९४६ साली प्रसिद्ध झाले आणि अर्थाच्या शोधाचे पुस्तक म्हणूनच ते जगभर वाचले जाते. तरीही त्यात सुटकेनंतरची अवस्था वगळलेली नाही: मुक्त झालेल्या कैद्यांना आनंदच होईना, आनंदी होणे त्यांना नव्याने शिकावे लागले, आणि घरी परतल्यावर काहींच्या वाट्याला कडवटपणा आला. आपल्या लेखनातही संकट संपल्याच्या दिवशी थांबू नये. कर्ज फिटल्यानंतरही फोन वाजला की दचकणे, व्यसन सुटल्यावर संध्याकाळी सात वाजता काय करायचे हे न कळणे, हा भाग बहुतेक जण गाळतात, आणि सावरणे म्हणजे नेमके काय ते याच भागात दिसते.

दुसऱ्यांच्या वाट्याचे

आपली कहाणी लिहिताना इतरांचीही लिहिली जाते. पहिला मसुदा कोणालाही न दाखवता, कोणाचीही भीड न ठेवता लिहावा. बेबीताई कांबळे यांनी आपले आत्मकथन 'जिणं आमुचं' अनेक वर्षे घरच्यांपासून लपवूनच लिहिले. छापण्याआधी मात्र नावे, गावे, व्यवसाय यांत कोणते बदल करायचे ते ठरवावे, आणि बदल केले असतील तर तसे प्रास्ताविकात सांगावे. मुलांचे आजार, दुसऱ्याची गुपिते आणि सिद्ध न झालेले आरोप यांबाबत अधिक सावध राहावे; आरोप करायचाच असेल तर वकिलाला मजकूर दाखवणे शहाणपणाचे. ज्याने आपल्याला दुखावले त्याच्याविषयी त्याला स्वतःलाही मान्य होईल असे किमान एक वाक्य आहे का, हे पाहावे. नसेल तर ते प्रकरण अजून लिहून झालेले नाही.

मसुदा पूर्ण झाल्यावर तो काही आठवडे बाजूला ठेवावा आणि मग मोठ्याने वाचावा. जीभ अडखळते तिथे वाक्य सुधारावे. आवाज आपोआप भाषणासारखा चढतो तिथे बहुधा बोध घुसलेला असतो; तो काढावा. प्रत्येक प्रकरणाचा शेवटचा परिच्छेद झाकून त्याच्या आधीच्या परिच्छेदावर प्रकरण संपते का ते पाहावे. संपत असेल तर झाकलेला भाग कायमचा काढून टाकावा, आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानालाही हीच कसोटी लावावी.