उधारीचं एजिंग कसं काढायचं

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या काही वर्कशॉपची पुस्तकं मी बघते. मालकाला ‘येणं किती?’ विचारलं की आकडा तोंडपाठ असतो. त्यातलं जुनं किती म्हटलं, की ‘बघून सांगतो.’ ते बघणं म्हणजेच एजिंग. प्रत्येक बिल आज किती दिवसांचं झालंय, त्याप्रमाणे येणं रकान्यांत मांडायचं.

माझे रकाने 30 दिवसांपर्यंत, 31 ते 45, 46 ते 90, 91 ते 180 आणि त्यापुढचं असे असतात. 45 ची रेघ मुद्दाम. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु कारखान्याचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यायचे, असा 2006 चा कायदा आहे. आर्थिक वर्ष 2023-24 पासून मुदत टळलेली रक्कम पार्टीला, म्हणजे आपल्याला पैसे देणं असलेल्या गिऱ्हाइकाला, ज्या वर्षी देईल त्याच वर्षी प्राप्तिकरात खर्च म्हणून धरता येते. मार्चमध्ये वसुलीचा फोन करताना हे हळूच बोलायचं. वाकडं लागत नाही आणि काम होतं.

दिवस बिलाच्या तारखेपासून मोजा नाहीतर ड्यू डेटपासून, पण दर महिन्याला एकच पद्धत ठेवा.

खरी गोची जमा रकमेची. समजा, एका फौंड्रीकडं मशिनिंगची तीन बिलं आहेत: 12 एप्रिल 40 हजार, 3 जून 60 हजार, 20 जून 40 हजार. 25 जूनला 60 हजार आले. हिशेब लिहिणाऱ्या पोरानं ते ‘ऑन अकाउंट’, म्हणजे ठरावीक बिलाशी न जोडता, टाकून जुन्यापासून वळते केले, तर 30 जूनला सगळ्यात जुनं येणं 27 दिवसांचं दिसतं. सगळं गोड! पण रक्कम बघा की, 3 जूनच्या बिलाला तंतोतंत जुळते. म्हणजे एप्रिलचं बिल पार्टीनं बाजूला ठेवलंय, आणि ते 79 दिवसांचं झालंय. बहुतेक वेळा रिजेक्शन किंवा रेटचा वाद निघतो. त्यामुळं पैसे आले की कुठल्या बिलाचे, हे त्याच दिवशी विचारायचं. पार्टीनं बिल सांगितलं तर रक्कम त्यातच धरावी लागते. काहीच कळत नसेल तर कुठल्या बिलात धरायची ते आपण ठरवू शकतो. 1872 च्या करार कायद्यात तसंच आहे.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पार्टीच्या लेजरला ‘बिल-बाय-बिल’ (प्रत्येक बिलाचा वेगळा हिशेब) चालू असेल तरच एज-वाइज रिपोर्टला अर्थ.

शेवटचा रकाना नुसता बघत बसू नका. साधारणपणे 3 वर्षं उलटली की दावा लावता येत नाही. त्याआधी बाकी मान्य असल्याचं लेखी, सही-तारखेसह घेतलं तर मुदत तिथून नव्यानं सुरू होते. दरवर्षी एप्रिलमध्ये सगळ्या पार्ट्यांना बाकीचं पत्र पाठवा, आणि सही होऊन आलेली प्रत बिलाच्या फाइललाच लावा.