डोंगरावरच्या आलिशान हॉटेलात पाणी, इंधन आणि अन्न कसे वाचवावे

आलिशान हॉटेलाच्या न्हाणीघरात आरशाखाली एक छोटे कार्ड उभे असते. टॉवेल पुन्हा वापरणार असाल तर दांडीवर टांगा, बदलून हवा असेल तर खाली ठेवा, अशी नम्र विनंती त्यावर छापलेली असते. पाहुणा टॉवेल टांगतो आणि संध्याकाळी परत येतो तेव्हा दांडीवर कोरा टॉवेल असतो, कारण हाऊसकीपिंगच्या मुलाला एका खोलीसाठी जेवढी मिनिटे मिळतात, त्यात टांगलेला कोणता आणि पडलेला कोणता हे पाहायला सवड नसते, आणि तसे पाहायचे असते हे त्याला कोणी सांगितलेलेही नसते. जे वेस्टरवेल्ड या अमेरिकन पर्यावरणतज्ज्ञाने १९८६ मध्ये ‘ग्रीनवॉशिंग’ (पर्यावरणप्रेमाचा नुसता देखावा) हा शब्द वापरला, तो अशाच टॉवेलच्या कार्डावरून. म्हणून कार्ड सर्वांत शेवटी छापावे. कामाला सुरुवात करावी ती पाहुणा जिथे कधीच येत नाही तिथून, म्हणजे बॉयलरची खोली, लाँड्री, भांडी घासण्याची जागा आणि कचऱ्याची शेड येथून.

पुढील सूचना महाबळेश्वर-पाचगणी परिसरातील सुमारे साठ खोल्यांचे हॉटेल डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. हा परिसर २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही ऐन हंगामात, एप्रिल-मेमध्ये, हॉटेलांच्या दारात पाण्याचे टँकर उभे असतात. मी अशा हॉटेलांच्या इंजिनिअरिंग विभागात बरीच वर्षे काढली आहेत, तेव्हा माझा कल नळ आणि मीटर यांच्याकडे असणार, हे वाचकाने गृहीत धरावे.

आधी मीटर बसवावेत

बहुतेक हॉटेलांत विजेचे एक मोठे मीटर, डिझेलची बिले आणि टँकरच्या पावत्या, एवढीच काय ती नोंद असते. त्यावरून खर्च कळतो, पण तो कोठे झाला हे कळत नाही. स्वयंपाकघर, लाँड्री, गरम पाण्याची यंत्रणा, खोल्या आणि बाग अशा पाच ठिकाणी विजेचे व पाण्याचे स्वतंत्र उपमीटर बसवावेत आणि रात्रपाळीच्या माणसाने दररोज एकाच वेळी त्यांचे आकडे वहीत लिहावेत. वही कागदाचीच असली तरी चालते; ॲप घेऊन ते न भरण्यापेक्षा ती बरी.

नंतर प्रत्येक आकड्याला त्या रात्री भरलेल्या खोल्यांनी भागावे, आणि स्वयंपाकघराच्या आकड्याला जेवलेल्या माणसांच्या संख्येने. हा भागाकार केला नाही, तर जुलैमध्ये हॉटेल रिकामे असल्यामुळे उतरलेले बिल पाहून मालकाला बचत झाल्यासारखे वाटते आणि मे महिन्यात उगाच इंजिनिअरला बोलणी बसतात. रात्री दोन ते चार या वेळेतील पाण्याचा आकडा मात्र भागाकार न करता, जसाच्या तसा पाहावा. सगळे झोपलेले असताना खोल्यांचे मीटर चांगलेच फिरत असेल, तर कोठेतरी गळती आहे. ती बहुधा फ्लशच्या टाकीत असते. टाकीत खाण्याचा थोडा रंग टाकून पंधरा मिनिटे थांबावे. फ्लश न ओढता रंग भांड्यात उतरला, तर रबरी वॉशर बदलण्याची वेळ झाली आहे.

गरम पाणी आणि लाँड्री

थंड हवेच्या ठिकाणी एसीपेक्षा गरम पाण्याचा खर्च मोठा असतो आणि त्यातला बराचसा पाहुण्याच्या अंगावर कधी पडतच नाही. एका हॉटेलात लाँड्रीमागच्या गटारातून भर दुपारी वाफ निघताना मी पाहिली होती. गटाराच्या कडेचे शेवाळ भाजून काळे पडले होते. चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरमधून वाफ थंड होऊन जे पाणी बनते, ते बॉयलरकडे परत नेण्याचा पाइप कधीतरी गंजला होता आणि कोणीतरी त्याचे तोंड गटारात सोडून दिले होते. ते पाणी शुद्ध केलेले, क्षार काढलेले आणि जवळजवळ उकळते होते, आणि त्याच वेळी बॉयलरमध्ये टाकीतले गार पाणी भरले जात होते. बॉयलरमध्ये जाणारे पाणी सहा अंशांनी अधिक गरम असेल, तर साधारण एक टक्का इंधन वाचते. या हिशेबाने साठ अंशांचा फरक म्हणजे दहा टक्के डिझेल, आणि त्यासाठी लागणार होता एक पाइप, एक छोटा पंप आणि वेल्डरचा एक दिवस. म्हणून पहिल्याच आठवड्यात वाफेच्या प्रत्येक पाइपचा शेवट कोठे होतो, हे चालत जाऊन पाहावे आणि स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त थंड झालेले पाणी बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह) एकेक करून तपासावेत.

दुसरी पाहणी सर्वांत लांबच्या खोलीत करावी. शॉवर सुरू करून खाली बादली ठेवावी आणि गरम पाणी यायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजावे. दोन मिनिटे लागत असतील आणि नळ मिनिटाला दहा लिटर पाणी देत असेल, तर प्रत्येक अंघोळीआधी वीस लिटर पाणी वाया जाते आणि पाहुणा कुडकुडत उभा राहतो. गरम पाण्याची लाइन फिरती करून, म्हणजे पाणी पाइपात न थांबता टाकीकडे परत फिरत राहील असे करून, तिच्यावर नीट इन्सुलेशन चढवले, की पाणीही वाचते आणि अंघोळही सुखाची होते. आलिशान हॉटेलात याच जातीचे उपाय आधी शोधावेत.

शॉवरचे तोंड बदलताना मात्र कंजूषपणा करू नये. मिनिटाला पंधरा-वीस लिटर पाणी सोडणारे शॉवर काढून आठ-नऊ लिटरचे बसवता येतात. परंतु दाब पुरेसा नसेल तर पाण्याची नुसती धार लागते आणि तक्रारी सुरू होतात. एका खोलीत बसवून, स्वतः अंघोळ करून पाहावी आणि मगच साठ नगांची ऑर्डर द्यावी. हात धुण्याच्या नळांना एअरेटर (धारेत हवा मिसळणारी जाळी) बिनधास्त बसवावेत, तेथे फरक कोणालाही जाणवत नाही.

डिझेल बॉयलरऐवजी हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप घेता येत असेल तर जरूर घ्यावा. विजेच्या एका युनिटमागे तो सुमारे तीन युनिट उष्णता देतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत थोडी कमी. एक धोका येथे सांगितलाच पाहिजे. बचतीच्या उत्साहात साठवणीच्या टाकीचे तापमान पंचेचाळीस अंशांवर आणून ठेवू नये. कोमट पाण्यात लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून ते फुप्फुसात जातात. टाकी साठ अंशांवरच ठेवावी आणि पाणी भाजू नये म्हणून नळापाशी गार पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवावा.

चादरींचा प्रश्न कार्डाने नव्हे, तर नियमाने सुटतो. पाहुण्याने आधी मागितली नाही तर चादर तिसऱ्या दिवशी बदलायची, असा नियम करून तो चेक-इनच्या वेळी एका वाक्यात सांगावा आणि कोणत्या खोलीत आज बदल आहे याची यादी सकाळी हाऊसकीपिंगच्या ट्रॉलीवर लावावी. धुण्याची यंत्रे वजन करून, पूर्ण भरूनच चालवावीत. अर्धे भरलेले यंत्रही पाणी जवळपास तेवढेच पिते.

पावसाचे पाणी आणि वापरलेले पाणी

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. हजार चौरस मीटर छप्पर आणि पाच हजार मिलिमीटर पाऊस धरला, तर पन्नास लाख लिटर होतात. सांडलवंड वजा जाता चाळीस लाख धरू. हा आकडा ऐकून मालक खूश होतात, पण तो पाऊस चार महिन्यांत पडतो, आणि नेमके तेव्हाच हॉटेल रिकामे असते. खरा प्रश्न साठवणीचा आहे. रोज चाळीस खोल्या भरलेल्या आणि खोलीमागे सहाशे लिटर धरले, तर दिवसाला चोवीस हजार लिटर लागतात. दहा लाख लिटरची टाकी साधारण चाळीस दिवस पुरते, म्हणजे एप्रिलचा तिसरा आठवडा ते मे अखेर. एवढी टाकी बांधणे जमण्यासारखे असते. ती बंदिस्त असावी, तोंडाशी पालापाचोळ्याची जाळी असावी आणि पहिल्या काही सरींचे पाणी बाहेर सोडण्याची सोय असावी, कारण छपरावर वर्षभराची धूळ आणि माकडांची कृपा साठलेली असते. जादा पाणी जमिनीत मुरवण्यासाठी शोषखड्डे घ्यायचे असतील, तर कड्याच्या काठाशी किंवा तीव्र उतारावर घेऊ नयेत. भूगर्भतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय डोंगराच्या पोटात पाणी सोडणे म्हणजे दरड ओढवून घेणे होय.

सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी बहुतेक ठिकाणी असतो, पण तो चालतो की नाही हा वेगळा प्रश्न आहे. त्यातले काम जिवाणू करतात आणि त्यांना रोजचे खाणे लागते. पावसाळ्यात हॉटेल रिकामे झाले की ते उपाशी मरतात, आणि स्वातंत्र्यदिनाला जोडून आलेल्या सुट्टीत सगळ्या खोल्या एकदम भरल्या की प्लँट घाण वास मारू लागतो. म्हणून रिकाम्या दिवसांतही जिवाणूंना हवा पुरवणारा ब्लोअर बंद करू नये आणि सांडपाणी थोडे थोडे पुढे सोडता यावे, यासाठी सुरुवातीची टाकी मोठी ठेवावी. न्हाणीघरांत ॲसिडने फरशी धुण्याची सवय मोडावी, आणि स्वयंपाकघरातील ग्रीस ट्रॅप (तेल-चरबी अडवणारी टाकी) ठरल्या दिवशी उपसावा. हे काम कोणालाच नको असते, म्हणून ते कोणाचे आहे हे नावानिशी लिहून ठेवावे. शुद्ध झालेले पाणी प्रथम बागेला द्यावे. फ्लशसाठी वेगळी पाइपलाइन लागते. जुन्या इमारतीत ती मजल्याचे नूतनीकरण निघेल तेव्हाच टाकावी.

स्वयंपाकघर

आठवडाभर तीन पिंपे ठेवून वजन करावे. एकात निवडताना-चिरताना निघालेला कचरा, दुसऱ्यात बुफेवर उरलेले आणि तिसऱ्यात ताटात टाकलेले अन्न. शेफ सांगतो की पाहुणे फार टाकतात; काटा बहुधा सांगतो की दुसरे पिंप जड आहे. सकाळी सव्वादहाला, नाश्ता बंद व्हायला पंधरा मिनिटे असताना, पोह्यांचा ट्रे पुन्हा काठोकाठ भरला जातो, कारण ‘बुफे रिकामा दिसता कामा नये’ असा आदेश असतो. तो आदेश बदलावा. शेवटच्या अर्ध्या तासात मोठे ट्रे काढून लहान भांडी मांडावीत, आणि पोहे, उपमा, आंबोळी मागणीप्रमाणे गरम करून द्यावी. पाहुण्याला हा मान वाटतो, आणि उरलेले पोहे फेकावे लागत नाहीत. चांगले उरलेले अन्न वाटायचे असेल तर एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे नियम आहेत. ताटाला वा बुफेला न लागलेले, नीट झाकलेले आणि वेळेत पोचणारे अन्नच द्यावे.

ओल्या कचऱ्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेला ‘निसर्गऋण’ बायोगॅस प्रकल्प पाहून यावा. माथेरानला तो उभारलेला आहे. हॉटेलाच्या आकाराचा छोटा प्रकल्प घेतला, तर त्यात नारळाच्या करवंट्या, मोठी हाडे आणि अंड्यांची टरफले जाऊ देऊ नयेत, आणि प्लॅस्टिकचा तुकडा तर मुळीच नको. दिवसाला शंभर किलोहून अधिक कचरा करणाऱ्यांना कचऱ्याच्या नियमांनी मोठे कचरा-उत्पादक मानले आहे. तीन पिंपांची वही येथेही उपयोगी पडते. तळणीच्या तेलात पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारी ध्रुवीय संयुगे पंचवीस टक्क्यांवर गेली की ते वापरता येत नाही. हे पट्टीने किंवा छोट्या उपकरणाने तपासता येते. असे तेल गटारात न ओतता आणि हातगाडीवाल्याला न देता बायोडिझेलसाठी नेणाऱ्या अधिकृत संकलकाला द्यावे.

खरेदीबाबत एवढेच सांगेन की महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा ऑगस्टमध्ये विमानाने आलेली स्ट्रॉबेरी केकवर लावणे शोभत नाही. पावसाळ्यात तिचा मुरंबा आणि नाचणीची भाकरी मांडावी.

ज्यांची घाई करू नये

सौर पॅनेल छायाचित्रात उत्तम दिसतात, म्हणून मालकांना ती आधी हवी असतात. एक किलोवॉट पॅनेलला सुमारे दहा चौरस मीटर जागा लागते आणि चांगल्या उन्हात दिवसाला चार युनिट मिळतात. धुके आणि पावसाच्या चार महिन्यांत त्यातले फारसे हाती लागत नाही. आधी वापर कमी करावा, मग उरलेल्या गरजेपुरतीच पॅनेल घ्यावीत. पाण्याच्या काचेच्या बाटल्या आणि भिंतीवरचे साबणाचे पंप ही सोपी कामे आहेत. पंप कुलुपाचे असावेत आणि पुन्हा भरण्याआधी धुतले जावेत, एवढे पाहावे. रोज रात्री पेटवली जाणारी शेकोटी मात्र बंद करावी; संवेदनशील क्षेत्रात राहून पाहुण्यांच्या फोटोंसाठी लाकूड जाळण्याचे समर्थन मला तरी जमत नाही. प्रमाणपत्राचे अर्ज वर्षभराची वही हातात आल्यावरच भरावेत. विलेपार्ल्याच्या ‘ऑर्किड’ हॉटेलाने नव्वदच्या दशकात पर्यावरणस्नेही हॉटेलांना दिले जाणारे इकोटेल प्रमाणपत्र मिळवल्यापासून महाराष्ट्रात हा मार्ग अनोळखी राहिलेला नाही, आणि तपासनीस आता प्रथम आकडेच मागतात.

वाचलेल्या पैशांतला ठरलेला वाटा लाँड्री, स्वयंपाकघर आणि हाऊसकीपिंगच्या माणसांना दर तिमाहीला द्यावा. गटारातली वाफ रोज पाहणारा माणूस लाँड्रीतलाच होता. ती सांगून त्याला काही मिळणार नव्हते, म्हणून त्याने सांगितली नव्हती.

हे सगळे वर्षभर चालले, की आरशाखालचे कार्ड छापायला द्यावे. त्यावर पान नको आणि पृथ्वीचे चित्रही नको. मागच्या वर्षी एका भरलेल्या खोलीमागे किती लिटर पाणी लागले आणि यंदा किती, हे दोन आकडे छापावेत, आणि त्याखाली चादर कोणत्या दिवशी बदलली जाईल ते लिहावे.