डोरोथिया लँग यांची छायाचित्रे कशी पाहावीत

डोरोथिया लँग यांचे नाव ज्यांनी कधी ऐकलेले नाही, त्यांनीही त्यांचे एक छायाचित्र कुठे ना कुठे पाहिलेले असते: गालाला हात लावून दूर कुठेतरी पाहणारी, कपाळाला आठ्या पडलेली एक बाई, तिच्या दोन्ही खांद्यांशी तोंड फिरवून बिलगलेली दोन मुले आणि मांडीवर झोपलेले तान्हे बाळ. ‘मायग्रंट मदर’ या नावाने ओळखले जाणारे १९३६ चे हे छायाचित्र ‘फॅमिली ऑफ मॅन’ या जगभर फिरलेल्या प्रदर्शनात होते आणि ते प्रदर्शन १९५६ मध्ये मुंबईतही आले होते. हे छायाचित्र इतके प्रभावी आहे की पाहणारा त्याच्यापाशीच थांबतो आणि लँग यांचे बाकीचे काम त्याच्या आड जाते. ज्याला या छायाचित्रकाराची खरी ओळख करून घ्यायची आहे, त्याने सुटे छायाचित्र पाहण्याची सवय सोडावी आणि त्याच्या शेजारच्या चौकटी, त्याखाली लिहिलेली ओळ व त्याचा पुढचा प्रवास हे सारे मिळून पाहावे, असे मला वाटते.

सुदैवाने यासाठी महागडी पुस्तके विकत घ्यावी लागत नाहीत. महामंदीच्या काळात लँग यांनी १९३५ पासून अमेरिकी सरकारच्या, गरीब शेतकऱ्यांना मदत करणाऱ्या खात्यांसाठी, म्हणजे आधी रीसेटलमेंट अ‍ॅडमिनिस्ट्रेशनसाठी आणि पुढे फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनसाठी काम केले. सरकारी नोकरीत काढलेली ही छायाचित्रे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. त्या संग्रहात सगळ्या छायाचित्रकारांच्या मिळून दीड लाखाहून अधिक निगेटिव्ह आहेत. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर लँग यांचे नाव शोधावे, मिळतील त्यांपैकी सर्वांत मोठ्या आकाराची फाइल उतरवून घ्यावी आणि ती मोबाइलवर न पाहता मोठ्या पडद्यावर पाहावी. प्रथम खालची ओळ न वाचता चौकटीत जे जे दिसते ते वहीत लिहून काढावे: कपडे, पायांतले जोडे, भांडी, जमिनीचा पोत, उजेड कोणत्या बाजूने येतो आहे. ओळ त्यानंतर वाचावी. आपण काय पाहिले आणि काय केवळ गृहीत धरले, हे या दोन टिपणांच्या फरकातून स्पष्ट कळते.

सरावासाठी ‘मायग्रंट मदर’चीच मालिका घ्यावी. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर लँग यांनी त्या कुटुंबाची काही मोजकी छायाचित्रे काढली. त्यांतल्या लांबून घेतलेल्या चौकटीत ताडपत्रीचा आडोसा, आजूबाजूची मोकळी जागा आणि खुर्चीत बसलेली मोठी मुलगी दिसते. दुसऱ्या एका चौकटीत पेटी आणि तिच्यावर ठेवलेली रिकामी थाळी आहे. प्रसिद्ध चौकटीत यांपैकी काहीही उरलेले नाही. निगेटिव्हचे क्रमांक नंतर कार्यालयात पडले असल्याने त्यांवरून कोणती चौकट आधीची आणि कोणती नंतरची हे ठरवता येत नाही; तरीही सगळ्या चौकटी शेजारी शेजारी ठेवल्या की निवडीमागचा विचार उलगडतो. मुलांचे चेहरे दिसले असते तर नजर चार ठिकाणी विभागली गेली असती. ते फिरवलेले असल्यामुळे सारा भार आईच्या एका चेहऱ्यावर येतो. ही निवड विलक्षण आहे, पण तिची किंमतही आहे, कारण जागा गेली तशी त्या दारिद्र्यामागची कारणेही चौकटीतून गेली. लँग यांनी १९३९ मध्ये खालच्या उजव्या कोपऱ्यातला आडोशाच्या खांबावरचा अंगठा निगेटिव्हवर पुसट करून घेतला आणि ते त्यांच्या विभागाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांना रुचले नाही. मोठ्या फाइलमध्ये त्या जागेकडे अवश्य पाहावे.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या छायाचित्राच्या ओळीत वाटाणा तोडणारे निराधार मजूर, सात मुलांची आई, वय ३२, एवढाच आशय आहे; बाईचे नाव नाही, कारण लँग यांनी ते विचारले नव्हते. थंडीने वाटाण्याचे पीक गेले होते आणि तळावरच्या मजुरांना काम उरले नव्हते. छायाचित्रे वृत्तपत्रात आल्यावर सरकारने तळावर अन्नधान्य पाठवले, परंतु तोवर हे कुटुंब तेथून पुढे निघून गेले होते. त्या बाईंचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. त्या ओक्लाहोमात जन्मलेल्या, चेरोकी या अमेरिकेतील मूळनिवासी जमातीच्या वंशाच्या होत्या आणि त्यांची ओळख १९७८ मध्ये जगाला झाली. आपले छायाचित्र काढलेच नसते तर बरे झाले असते, त्यातून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, असे त्यांनी बोलून दाखवले. लँग यांच्या चाहत्याने हे टाळून पुढे जाऊ नये. छायाचित्र थोर आहे आणि ज्या बाईचे ते आहे तिची तक्रारही रास्त आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी मनात बाळगता आली पाहिजेत.

ओळींच्या बाबतीत लँग पुढे कोठवर गेल्या, हेही याच संग्रहातून तपासता येते. बर्कलीच्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे त्यांचे पती पॉल टेलर अनेकदा दौऱ्यावर बरोबर असत. दोघेही लोकांशी बोलत आणि त्यांचे शब्द टिपून ठेवत. १९३९ च्या सुमारास लँग एकेका गावासाठी किंवा शेतासाठी सविस्तर टिपणे लिहू लागल्या होत्या. त्यांत कुटुंबाची मिळकत, जमीन कोणाची आहे, घर कसे आहे आणि माणूस नेमके काय म्हणाला, हे सारे येते. या टिपणांसह छायाचित्रे पाहिल्यावर त्यांची केवळ करुण प्रतिमांच्या छायाचित्रकार ही ओळख अपुरी वाटू लागते.

कधी कधी तर ओळीवाचून छायाचित्र समजतच नाही. जून १९३८ मध्ये टेक्सासच्या चिल्ड्रेस परगण्यात काढलेल्या एका छायाचित्रात नांगरटीच्या वळणदार सरींनी वेढलेले एक ओसाड घर आहे, माणूस एकही नाही. पाहणाऱ्याला ते निसर्गचित्र वाटू शकते. यंत्राच्या शेतीने कुळांना जमिनीवरून हटवले, असे ओळ सांगते आणि त्याच सुंदर सरी हकालपट्टीच्या खुणा होतात.

कातरलेली चौकट आणि मूळ चौकट यांची तुलनाही करावी. १९३६ मध्ये मिसिसिपीतील क्लार्क्सडेलजवळ लँग यांनी मोटारीच्या बंपरवर पाय ठेवून उभ्या असलेल्या एका गोऱ्या मुकादमाचे छायाचित्र काढले. त्याच्यामागे दुकानाच्या ओसरीवर कृष्णवर्णीय मजूर आहेत. दोन वर्षांनी एका पुस्तकात हेच छायाचित्र छापताना मागची माणसे कापून टाकली गेली आणि मुकादम हा स्वतंत्र बाण्याच्या अमेरिकी माणसाचा नमुना ठरला. पूर्ण चौकटीत मात्र तो पाय, ती मोटार आणि मागचे मजूर यांच्यातला संबंध लपत नाही. पूर्ण चौकटीच्या डाव्या कडेला पॉल टेलर अर्धवट दिसतात, तेही शोधावे; छायाचित्र कसे मिळाले असेल याचा अंदाज त्यावरून येतो.

उपकरणाची थोडी माहिती असली की रचना अधिक उमगते. लँग बहुधा मोठा ग्राफ्लेक्स कॅमेरा वापरत. तो छातीशी किंवा कमरेशी धरून वरून आत पाहायचे असते, त्यामुळे भिंग डोळ्यांपेक्षा खाली राहते आणि समोरचा माणूस आकाशाच्या पार्श्वभूमीवर उंच दिसतो. मजुरांना त्यांच्या छायाचित्रांत जो ताठ कणा मिळतो, त्यात या उंचीचाही वाटा आहे. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे लँग लंगडत चालत. देहबोलीवरचे त्यांचे लक्ष त्यातून आले असावे, असा माझा तर्क आहे. पाय, पाठी आणि विशेषतः हात यांच्याकडे त्या वारंवार वळतात. १९४० मध्ये अ‍ॅरिझोनातील इलॉय येथे काढलेल्या कापूस वेचणाऱ्या मजुराच्या छायाचित्रात तोंडापुढे आलेला तळवाच चेहऱ्याइतका बोलतो.

एवढी तयारी झाल्यावर १९४२ कडे वळावे. जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांना पश्चिम किनाऱ्यावरून हलवून छावण्यांत ठेवले गेले, तेव्हा त्याची नोंद करण्याचे काम सरकारने लँग यांना दिले. काटेरी कुंपण, टेहळणीचे मनोरे आणि सशस्त्र सैनिक टिपण्यास त्यांना मनाई होती, आणि तयार झालेली छायाचित्रे युद्ध संपेपर्यंत लष्कराने अडवून ठेवली. आज ती अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये कोणालाही पाहता येतात. येथे तारखांचा क्रम सोडू नये. मार्चमध्ये ऑकलंडच्या एका दुकानावर ‘मी अमेरिकन आहे’ अशी मोठी पाटी दिसते आणि ती पर्ल हार्बर या अमेरिकी तळावरील जपानी हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी लावली होती, हे ओळीतून कळते. एप्रिलमध्ये सान फ्रान्सिस्कोच्या शाळेत छातीवर हात ठेवून ध्वजाला निष्ठेची शपथ घेणारी मुले भेटतात. जुलैच्या आरंभी मान्झनारच्या छावणीत धुळीच्या वादळात तोच ध्वज फडकताना दिसतो. या तीन तारखांच्या मधली छायाचित्रेही संग्रहातून काढून पाहावीत. त्यांत सामानाला आणि कोटाला बांधलेल्या कुटुंब क्रमांकाच्या चिठ्ठ्या शोधाव्यात, आणि मनाई असलेल्या गोष्टी न दाखवता लँग यांनी कैद कशाकशातून दाखवली, याची यादी करावी.