वणव्याची वही, 15 फेब्रुवारीच्या आत

संक्रांत उलटली की साताऱ्याजवळ यवतेश्वरपासून कासपर्यंतच्या उतारांवरचं गवत पायाखाली कुरकुरायला लागतं. वनखातं 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरतं, तेव्हा गावच्या वनसमितीची तयारी त्याआधी उरकलेली हवी. पाणी, डहाळ्या, माणसं यांची जुळवाजुळव आपण दरवर्षी करतो, पण वेळ कुणी मोजत नाही. म्हणून यंदा यादीत सगळ्यात वर एक जाड वही लिहा आणि तिला सुतळीनं पेन बांधून ठेवा.

प्रत्येक वणव्याला एक पान, आणि पानावर पाच नोंदी: धूर पहिल्यांदा दिसला कधी, फोन गेला कधी, गावातून माणसं निघाली कधी, पहिला माणूस आगीपाशी पोचला कधी आणि आग आटोक्यात आली कधी. नुसतं ‘चार तास लागले’ लिहून पुढच्या खेपेला काय सुधारायचं ते कळत नाही. मागच्या उन्हाळ्यात आमच्या वरच्या अंगाला आग लागली, त्यानंतर देवळात बसून आम्ही या वेळा आठवून मांडल्या. चढायला पाऊण तास लागला होता. तो कमी होणं अवघड, डोंगर तेवढाच राहणार. पण धूर दिसल्यापासून माणसं निघेपर्यंत तासाच्या वर गेला होता! शेतातल्या तिघांनी धूर पाहिला होता आणि प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं कळवलं असेल. ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोतानं आग मारायचं यंत्र, ज्याच्या घरी, तो साताऱ्याला गेलेला, दाराला कुलूप. त्या तासात कारवीची एक अख्खी घळ गेली. ते आठवलं की अजून जीव हळहळतो.

म्हणून कळवायचं कुणी, हे नावानिशी ठरवा. धूर दिसेल त्यानं ठरलेल्या दोघांपैकी एकाला फोन करायचा, त्यानं लगेच वनरक्षकाला आणि वनखात्याच्या 1926 या टोल फ्री क्रमांकाला. वर रेंज कुठल्या खडकावर मिळते, तेही वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. सामान कुणाच्या घरात नको, देवळाशेजारच्या खोलीत ठेवा, आणि किल्ल्या तिघांकडे.

देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाच्या सूचना मोबाइलवर येतात. त्यासाठी नाव नोंदवा, पण त्या सूचनांवर विसंबू नका. ज्या उपग्रहांवर व्हीआयआयआरएस हे आग टिपणारं उपकरण आहे, ते साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमाराला डोक्यावरून जातात. तीनला लागलेली आग त्यांना रात्रीच दिसणार. शिवाय त्यांचा एक ठिपका म्हणजे 375 मीटरचा चौकोन, त्यात आग नेमकी कुठल्या बांधाला आहे ते कळत नाही. त्यामुळे संदेश आला ती आग लागल्याची वेळ, असं वहीत कधीही लिहू नका.

‘आटोक्यात’ आणि ‘विझला’ यांचे रकाने वेगळे करा. आगीची पुढे सरकणारी धार सगळीकडून थांबली की वणवा आटोक्यात. बुंधे, वाळकं शेण, पडलेली खोडं थंड झाली की विझला. या दोन्हींत कितीतरी तास जाऊ शकतात. आमच्याकडे सगळे दमून उतरले आणि पहाटे एका जांभळीच्या बुंध्यातून पुन्हा पेटलं. तळहाताची मागची बाजू बुंध्याजवळ धरून पाहा. धग लागली तर माती उकरा, पाणी घाला, परत पाहा. याला वेळ लागतो, लागू द्या.

हंगाम संपल्यावर सरासरी काढत बसू नका, एखादा दोन दिवस चाललेला वणवा सगळं बिघडवतो. वेळा चढत्या क्रमानं लिहून मधला आकडा घ्या आणि पुढच्या वर्षी त्याच्याशी ताडून पाहा.

जाळपट्टे, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे, मात्र जानेवारीतच, वनखात्याला सांगून आणि त्यांच्या माणसांसोबत काढा. कासच्या बाजूला सड्याचा, म्हणजे सपाट पठाराचा, उघडा कातळ आहे, तिथं आग आपोआप थांबते. पट्टा अशा कातळाला किंवा रस्त्याला नेऊन जोडला की मेहनत निम्मी होते. नवं गवत चांगलं फुटतं म्हणून काडी लावणाऱ्यांच्या घरी जाऊन बोला. राखीव वनात आग लावणं 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 26 खाली गुन्हा आहे, पण आधी समजावून सांगा.

अंगात सुती कपडे, नायलॉन अजिबात नको. पायात बूट, तोंडाला ओला पंचा, प्रत्येकाकडे पाणी आणि बॅटरी. हिरव्या डहाळ्या वर जाताना तोडा, फवारणीचा पंप खालीच भरून घ्या. आगीच्या वरच्या अंगाला कुणीही उभं राहायचं नाही. उतार 10 अंशांनी वाढला की आग चढण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, माणसाला तेवढं पळता येत नाही. आगीच्या शेपटीकडून, म्हणजे मागच्या बाजूनं, जळून गेलेल्या किंवा कातळाच्या जागेपासून सुरुवात करा, दोन्ही कडा मारत तोंडाकडे, म्हणजे पुढे सरकणाऱ्या धारेकडे, सरका, आणि ब्लोअरचा झोत जळालेल्या बाजूकडे ठेवा.

निघताना वर जाणाऱ्यांची नावं वहीत लिहून घेणारा एकजण खालीच थांबेल. तोच उतरणाऱ्यांची नावं खोडत जाईल. शेवटचं नाव खोडलं जाईपर्यंत त्यानं घरी जायचं नाही.